स्पॉन्सरशिपचा आकडा फुगवला की नेमकं काय होतं? फुटबॉल क्लबांच्या पैशांचं प्रकरण सोप्या भाषेत

मँचेस्टर सिटी या इंग्लंडमधल्या क्लबवर ११५ आरोप झाले हे फुटबॉल न बघणाऱ्यांनीही कुठेतरी ऐकलेलं असतं. पण आरोप नक्की कसले असं विचारलं की बरेच जण अडखळतात. कुणाला वाटतं मॅच फिक्सिंग असेल, कुणाला वाटतं टॅक्स चुकवला असेल, आणि कुणी म्हणतं क्लब श्रीमंत झाला म्हणून बाकीचे जळतायत. मूळ मामला हिशेबाच्या वहीचा आहे. क्लबने कमाई किती दाखवली आणि ती खरंच कमाई होती का, एवढाच प्रश्न. ऐकायला कंटाळवाणा वाटतो, पण ट्रॉफी कुणाच्या कपाटात गेली, कुठला क्लब खालच्या लीगमध्ये घसरला, या सगळ्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे, म्हणून तो नीट समजून घेऊ.

आधी नियम काय आहे

फुटबॉल क्लबचा मोठा खर्च दोनच गोष्टींवर होतो, खेळाडूंचे पगार आणि दुसऱ्या क्लबकडून खेळाडू आणायला मोजलेली रक्कम, म्हणजे ट्रान्सफरचा खर्च. कमाई येते टीव्हीच्या हक्कांतून, तिकिटांतून, बक्षिसांतून आणि स्पॉन्सरकडून. आता जिंकायची घाई सगळ्यांनाच असते त्यामुळे खर्च कमाईच्या पुढे पळतो, तोटा होतो, तो मालक भरून काढतो, आणि एक दिवस मालक कंटाळतो किंवा त्याचाच धंदा बसतो. मग क्लबकडे उरतात ते मोठमोठ्या पगाराचे करार. इंग्लंडमधला बरी हा १८८५ साली सुरू झालेला क्लब, ऑगस्ट २०१९ मध्ये पैशांच्या गोंधळामुळे लीगमधून बाहेर काढला गेला. पिढ्यान्‌पिढ्या त्या मैदानावर जाणाऱ्या लोकांचा शनिवार एका झटक्यात रिकामा झाला.

हे थांबवायला युरोपातल्या फुटबॉलची मुख्य संघटना युएफाने, मिशेल प्लातिनी अध्यक्ष असताना, 'फायनान्शियल फेअर प्ले' नावाचे नियम आणले आणि २०११-१२ च्या सीझनपासून हिशेब तपासायला सुरुवात केली. भाषा वकिली आहे पण गाभा साधा, जेवढं कमावता साधारण तेवढंच खर्च करा, तोटा ठरलेल्या मर्यादेतच ठेवा. इंग्लंडच्या सर्वात वरच्या लीगने, म्हणजे प्रीमियर लीगने, २०१३ पासून स्वतःचा वेगळा नियम लावला, तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त १०.५ कोटी पौंड तोटा चालेल, त्याच्या वर गेलात तर कारवाई.

आणि सगळी मेख पुढे आहे. मालकाने खिशातून टाकलेला पैसा या हिशेबात 'कमाई' धरला जात नाही. मालकाकडे तेलाच्या विहिरी असोत नाहीतर कारखाने, त्याने क्लबच्या खात्यात ५० कोटी टाकले म्हणून क्लबला ५० कोटींचे खेळाडू घेता येत नाहीत. पण स्पॉन्सरने तेच ५० कोटी दिले तर ती कमाई, आणि मग खर्चाला वाव मिळतो.

मग पळवाट निघते कुठून

समजा एका घरात ठरलंय की मुलाने स्वतः कमावलेल्या पैशांतूनच हौसमौज करायची, बापाकडे मागायचं नाही. बाप श्रीमंत आहे आणि मुलावर जीव आहे. तो आपल्या एका मित्राला गुपचूप पैसे देतो, मित्र मुलाला आठवड्यातून दोन तासांच्या कामावर ठेवतो आणि बाजारभावाच्या दहापट पगार देतो. कागदावर मुलाची कमाई, नियम कुठेच मोडलेला दिसत नाही. प्रत्यक्षात पैसा बापाचाच, फक्त वळसा घालून आलेला.

फुगवलेली स्पॉन्सरशिप म्हणजे हेच. क्लबचा मालक आणि स्पॉन्सर कंपनी एकाच राजघराण्याशी, एकाच सरकारशी किंवा एकाच उद्योगपतीशी जोडलेले असतात. अशा स्पॉन्सरला नियमांच्या भाषेत 'संबंधित पक्ष' म्हणतात. शर्टावर नाव टाकण्याची बाजारातली किंमत समजा २ कोटी असेल तर संबंधित पक्ष १० कोटी देतो. वरचे ८ कोटी हे खरं तर मालकाचं देणं, पण वहीत ते कमाईच्या रकान्यात बसतात.

यात एक फरक लक्षात ठेवायला हवा, लोक तो नेहमी गडबडतात. संबंधित कंपनीने स्पॉन्सर होण्यात काहीच गैर नाही, नियम तसं करायला पूर्ण परवानगी देतात. गैर दोन ठिकाणी होऊ शकतं. एक, किंमत बाजारभावापेक्षा फार जास्त लावली तर. आणि दोन, पैसे स्पॉन्सरने दिले असं दाखवलं पण प्रत्यक्षात मालकानेच भरले तर. पहिलं भावावरून होणारं भांडण आहे, दुसरं सिद्ध झालं तर सरळ खोटा हिशेब. माझ्या मते या दोघांना एकाच पारड्यात टाकणं बरोबर नाही, आणि सिटीवरचं प्रकरण इतकं गंभीर का मानलं जातं ते या दुसऱ्या प्रकारामुळे.

सिटी आणि एतिहाद, थोडं जवळून

सप्टेंबर २००८ मध्ये अबू धाबीच्या राजघराण्यातल्या शेख मन्सूर यांच्या कंपनीने मँचेस्टर सिटी विकत घेतला. खेळाडू आणायचा धडाका सुरू झाला आणि २०१०-११ मध्ये क्लबचा तोटा जवळपास १९.५ कोटी पौंडांवर गेला. त्याच २०११ साली अबू धाबीचीच विमान कंपनी एतिहादशी दहा वर्षांचा करार झाला, शर्ट, स्टेडियमचं नाव, आजूबाजूचा परिसर सगळं मिळून, आणि रकमेचा आकडा ४० कोटी पौंड असल्याच्या बातम्या आल्या.

मे २०१४ मध्ये युएफाने सिटीशी तडजोड केली. ६ कोटी युरोचा दंड, पण त्यातले ४ कोटी स्थगित, म्हणजे अटी पाळल्या तर माफ, आणि युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा असलेल्या चॅम्पियन्स लीगसाठी खेळाडूंची यादी २५ ऐवजी २१ जणांची. पॅरिसच्या पीएसजीलाही त्याच वेळी जवळपास हीच शिक्षा झाली.

मग नोव्हेंबर २०१८ मध्ये जर्मनीच्या 'डेर श्पीगल' साप्ताहिकाने फुटलेले ईमेल छापले. त्यातल्या एका ईमेलचा सगळ्यात जास्त गाजावाजा झाला. एतिहादची त्या सीझनची रक्कम ६.७५ कोटी पौंड, आणि त्यातले फक्त ८० लाख एतिहादने थेट द्यायचे, बाकीचे ५.९५ कोटी मालकाच्या कंपनीकडून येणार, असा त्याचा अर्थ लावला गेला. हे खरं असेल तर वरच्या उदाहरणातला बाप, मित्र आणि मुलगा तिघेही एका ओळीत सापडतात. सिटीचं म्हणणं पहिल्यापासून एकच आहे की ईमेल चोरलेले आहेत, संदर्भ तोडून छापलेत आणि आरोप पूर्ण खोटे आहेत.

"पण कोर्टात सुटले ना ते?"

हा प्रश्न हमखास येतो. फेब्रुवारी २०२० मध्ये युएफाने सिटीला दोन सीझन युरोपच्या स्पर्धांतून बाहेर काढलं आणि ३ कोटी युरो दंड ठोठावला. सिटी क्रीडा लवादाकडे गेली, त्याला कॅस म्हणतात, खेळातल्या भांडणांचं कोर्टच समजा. जुलै २०२० मध्ये कॅसने बंदी उठवली आणि दंड १ कोटीवर आणला, तोही तपासात सहकार्य केलं नाही म्हणून.

कॅसने म्हटलं की बहुतेक आरोप एकतर सिद्ध झाले नाहीत किंवा मुदतीबाहेर गेले. या 'किंवा'वरच अर्धं जग भांडतंय. युएफाच्या नियमात पाच वर्षांची मुदत आहे, त्याहून जुन्या गोष्टीवर कारवाई करता येत नाही, त्यामुळे काही पेमेंटचा विचार खोलात जाऊन झालाच नाही. एतिहादच्या बाबतीत मात्र जे मुदतीत होतं त्यावर लवादाने पुरावे पाहिले, साक्षी ऐकल्या आणि मालकाने पैसे वळवले हे सिद्ध होत नाही असं बहुमताने ठरवलं. म्हणजे "सिटी फक्त तांत्रिक मुद्द्यावर सुटली" हे अर्धसत्य आहे आणि "सिटी पूर्ण निर्दोष ठरली" हेही अर्धसत्यच.

११५ म्हणजे ११५ गुन्हे का

६ फेब्रुवारी २०२३ ला प्रीमियर लीगने स्वतःचे आरोप जाहीर केले. लीगने नियमांची लांबलचक यादी दिली होती, ११५ हा आकडा माध्यमांनी मोजून काढला. एकच गोष्ट पाच सीझन झाली असेल आणि दरवेळी तीन नियम मोडत असतील तर तिचेच पंधरा होतात, त्यामुळे आकड्याला घाबरायचं किंवा त्यावरून फुशारकी मारायचं कारण नाही. गटच बघायचे. २००९-१० ते २०१७-१८ या नऊ सीझनमध्ये क्लबने पैशांची खरी माहिती दिली नाही, विशेषतः स्पॉन्सरशिपच्या कमाईबद्दल, हा सगळ्यात मोठा गट. तेव्हाच्या मॅनेजरचं आणि काही खेळाडूंचं मानधन पूर्ण दाखवलं नाही हा दुसरा. मग युएफाचे आणि लीगचे तोट्याचे नियम मोडल्याचे, आणि शेवटचा तपासात सहकार्य न केल्याचा, त्याचेच पस्तीसच्या आसपास आहेत.

पहिले दोन गट शेजारी ठेवून पाहा. एकात कमाई फुगवल्याचा आरोप, दुसऱ्यात खर्च लपवल्याचा. वहीच्या दोन्ही बाजू झाल्या. तोटा कमी दिसायला दोन्हींचा उपयोग होतो.

सुनावणी सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली, डिसेंबरमध्ये संपली, आणि त्यानंतर महिनोन्‌महिने सगळे निकालाची वाट बघत बसले. इथे पाच वर्षांच्या मुदतीची अडचण नाही, आणि लीगच्या निकालावरचं अपील कॅसकडे जात नाही, लीगच्याच अपील मंडळापुढे जातं. म्हणून २०२० चा निकाल दाखवून हे प्रकरण उडवून लावता येत नाही. तसंच आरोप झाले म्हणून गुन्हा झालाच असंही धरता येत नाही.

बाजारभाव ठरवायचा कोणी

सगळ्यात अवघड जागा ही, आणि खरं सांगायचं तर नियमांचा सगळ्यात कच्चा सांधाही हाच.

शर्टावरच्या नावाची 'वाजवी किंमत' म्हणजे काय? दोन अनोळखी पक्षांनी आपापलं हित बघून घासाघीस केली असती तर जी ठरली असती ती. ती शोधायला तज्ज्ञ लोक तसेच दुसरे करार काढतात, क्लब टेबलात कितव्या नंबरवर आहे, टीव्हीवर किती दिसतो, जगभरात चाहते किती, असं सगळं मांडून एक अंदाज काढतात. पण शेवटी तो अंदाजच.

पीएसजीचं उदाहरण घ्या. २०११ मध्ये कतारच्या सरकारी गुंतवणूक कंपनीने क्लब घेतला आणि मग कतारच्याच पर्यटन खात्याशी करार झाला, वर्षाला २० कोटी युरोपर्यंतचा. गंमत म्हणजे शर्टावर नाव एमिरेट्स या दुसऱ्याच कंपनीचं होतं, हे पैसे होते कतारची प्रतिमा जगात पोचवण्यासाठी. आता 'प्रतिमा पोचवणे' याचा भाव कुठल्या तराजूत तोलणार? युएफाने २०१४ मध्ये सांगितलं की आम्ही यातले निम्मेच, १० कोटीच, कमाई म्हणून धरू.

एव्हर्टनचंही सांगण्यासारखं आहे. जानेवारी २०२० मध्ये उद्योगपती अलिशेर उस्मानोव्ह यांच्या यूएसएम कंपनीने क्लबला ३ कोटी पौंड दिले. कशाचे? नव्या स्टेडियमला नाव देण्याचे नाहीत, तर पुढे कधी नाव द्यायचं झालं तर पहिला हक्क आमचा, एवढ्याचे. स्टेडियमचं बांधकाम तेव्हा सुरूही झालेलं नव्हतं, आणि एव्हर्टनचे तेव्हाचे मालक फरहाद मोशिरी हे उस्मानोव्ह यांचे जुने व्यावसायिक भागीदार. या व्यवहारात नियम मोडला असं कुणी ठरवलेलं नाही, पण न बांधलेल्या इमारतीच्या नावाच्या शक्यतेची वाजवी किंमत काढायला कुणालाही बसवा, तुलनेला दुसरा करार सापडणार नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीने न्यूकॅसलचा ८० टक्के हिस्सा घेतला तेव्हा बाकीचे क्लब इतके धास्तावले की काही दिवसांतच संबंधित पक्षांच्या नव्या करारांवर तात्पुरती बंदी घालायला १८ क्लबांनी मत दिलं. न्यूकॅसल विरोधात गेलं, सिटीने मतच दिलं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये कायमचे नियम आले, संबंधित पक्षाशी करार असेल तर आधी लीगकडे आणा, आम्ही वाजवी म्हटलं तरच पुढे जा. २०२३ मध्ये न्यूकॅसलच्या शर्टावर त्याच सौदी निधीच्या मालकीच्या सेला कंपनीचं नाव आलं, वर्षाला सुमारे २.५ कोटी पौंड, आधीच्या स्पॉन्सरच्या कितीतरी पट, तरी करार चाळणीतून पार पडला, कारण क्लब तोवर चॅम्पियन्स लीगमध्ये पोचला होता आणि त्याचा भाव खरंच वधारला होता. नियम नीट चालला तर असं होतं, श्रीमंत मालकाचा क्लबही वाढतो पण मैदानावरच्या कामगिरीबरोबर वाढतो.

"मालकाचा पैसा आहे, उडवू दे की!"

हा आक्षेप मला समजतो. आपल्या क्लबवर कुणी पैसे ओतत असेल तर दुसऱ्यांनी का अडवावं? याला दोन उत्तरं आहेत. एक तर अडवलेलं सगळं नाही. स्टेडियम बांधा, मुलांची अकादमी काढा, महिला संघावर खर्च करा, हा खर्च तोट्याच्या हिशेबातून वगळला जातो. अडवलंय ते पगार आणि ट्रान्सफरवर बेफाम उधळणं. आणि दुसरं म्हणजे फुटबॉलमध्ये एकाचा खर्च सगळ्यांचा भाव वाढवतो. २०१७ मध्ये पीएसजीने नेमारसाठी २२.२ कोटी युरो मोजले, त्यानंतर साध्या खेळाडूच्या किमतीही चढल्या, आणि ज्या क्लबांमागे कुठलं सरकार नव्हतं त्यांनीही त्या चढ्या भावात खरेदी केली, कर्ज काढून.

"मग हे जुन्या श्रीमंतांच्या सोयीचे नियम झाले"

या आक्षेपात दम आहे आणि तो झटकून टाकू नये. मँचेस्टर युनायटेड, रियाल माद्रिद यांची कमाई आधीच अफाट आहे, 'कमावता तेवढंच खर्च करा' म्हटलं की ते पुढेच राहणार आणि खालचा क्लब खालीच. सिटीने याच मुद्द्यावर संबंधित पक्षांच्या नियमांना आव्हान दिलं आणि काही बाबतीत जिंकलीसुद्धा. ऑक्टोबर २०२४ च्या निकालात वेगळ्या लवादाने (कॅसने नव्हे) सांगितलं की मालक क्लबला बिनव्याजी किंवा कमी व्याजाचं कर्ज देतो तेही एक प्रकारचं बाजारभावाबाहेरचं देणं आहे, मग फक्त स्पॉन्सरशिप तपासायची आणि कर्ज सोडायचं हे बेकायदा. असं कर्ज घेतलेल्यांत आर्सेनल, ब्रायटन, एव्हर्टन होते. शिवाय लीगने सिटीचे करार नाकारताना ज्या तुलनेच्या आकड्यांचा आधार घेतला ते आकडे क्लबला आधी दाखवलेच नव्हते. निकाल देणाऱ्याने पुरावा झाकून ठेवायचा हे कुठल्याच न्यायात बसत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये क्लबांनी १६ विरुद्ध ४ मतांनी नियम सुधारले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सिटीने सुधारलेले नियम वैध आणि बंधनकारक असल्याचं मान्य करून तो वाद मिटवला. हे प्रकरण ११५ आरोपांपेक्षा पूर्ण वेगळं आहे, बातम्यांमध्ये दोन्हींची सरमिसळ होते.

तरी मला वाटतं की नियम विषम आहे म्हणून खोटी कमाई दाखवणं क्षम्य होत नाही. नियम बदलायचा रस्ता उघडा आहे, सिटीनेच तो वापरून दाखवला.

शिक्षा कुणाला होते

हा भाग मला सगळ्यात जास्त खुपतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हर्टनचे १० पॉइंट कापले, अपिलात ते ६ झाले, मग एप्रिल २०२४ मध्ये आणखी २ गेले. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे मार्च २०२४ मध्ये ४ गेले. या दोघांची चूक फुगवलेली स्पॉन्सरशिप नव्हती, तोटा मर्यादेच्या वर गेला होता आणि तो त्यांच्याच हिशेबात दिसत होता. जो आकडा उघड दिसतो त्याची कारवाई काही महिन्यांत उरकते. जिथे आकडाच खरा आहे का हा प्रश्न असतो तिथे बाहेरच्या कंपन्यांचे कागद लागतात, त्या परदेशात असतात, लीगला त्यांच्यावर जबरदस्ती करता येत नाही, दोन्ही बाजूंना महागडे वकील असतात आणि वर्षं निघून जातात.

दरम्यान खेळ थांबत नाही. सिटीचं २०११-१२ चं विजेतेपद फक्त गोल फरकावर ठरलं, २०१३-१४ चं दोन पॉइंटवर. आरोप उद्या सिद्ध झाले तर दुसऱ्या नंबरवर राहिलेल्या खेळाडूला तो दिवस परत मिळणार नाही, आणि सिद्ध झाले नाहीत तर सिटीच्या चाहत्यांनी इतकी वर्षं विनाकारण टोमणे खाल्ले. दोन्हीकडून नुकसान उशिरामुळेच.

पुढच्या वेळी डीलची बातमी वाचताना

युएफाने २०२२ मध्ये नियम बदलले, आता पगार, ट्रान्सफर आणि एजंटचा खर्च मिळून कमाईच्या ७० टक्क्यांच्या आत हवा, आधी ९०, मग ८० असं करत २०२५ पासून ७० लागू झालं. प्रीमियर लीगच्या क्लबांनीही नोव्हेंबर २०२५ मध्ये अशाच प्रकारची ८५ टक्क्यांची मर्यादा २०२६-२७ पासून आणायला मत दिलं. म्हणजे कमाईचा आकडा आता आणखी महत्त्वाचा, कारण खर्चाची परवानगी थेट त्याच्यावर बेतलेली, आणि तो फुगवायचा मोह कुठेही जाणार नाही.

त्यामुळे 'विक्रमी स्पॉन्सरशिप' अशी बातमी आली की रकमेवर डोळे दिपवून घेण्याआधी स्पॉन्सरचा मालक कोण ते शोधा, तो क्लबच्या मालकाच्या ओळखीतला निघतो का बघा, आधीच्या स्पॉन्सरने किती दिले होते आणि मधल्या काळात क्लब मैदानावर तेवढा वर गेला का हे ताडून पाहा. त्या स्पॉन्सरला विकायला काही माल आहे का, दुसऱ्या कुठल्या क्लबला त्याने कधी पैसे दिलेत का, हेही सहज सापडतं. उत्तरं जुळली तर करार बहुतेक खरा. आणि पैसा स्पॉन्सरच्या खात्यात मुळात आला कुठून हा शेवटचा प्रश्न मात्र बाहेरून कळत नाही, त्यासाठी बँकेचे कागद मागवायचा अधिकार असलेला तपासनीसच लागतो.